लोसेलिंगच्या लामांचं वाळूचं मंडल: नुसतं शेवटच्या दिवशी जाऊ नका

इथे अमेरिकेत तुमच्या गावातल्या म्युझियममध्ये, युनिव्हर्सिटीत किंवा लायब्ररीत ड्रेपुंग लोसेलिंग या तिबेटी बौद्ध मठाचे लामा, म्हणजे भिक्षू, रंगीत वाळूचं मंडल (रांगोळीसारखं पवित्र चित्र) करायला येणार असतील तर जरूर जा, आणि जमलं तर मधल्या एखाद्या दिवशी जा, त्यासाठी रजा टाकावी लागली तरी टाका. हे सुरुवातीलाच सांगते कारण ते आमच्याकडे येऊन गेल्यापासून आमच्या मराठी ग्रुपवर जे काही फिरतंय ते सगळं शेवटच्या दिवसाचं आहे. पूर्ण झालेलं मंडल लामा पुसतात त्याचा व्हिडिओ आणि खाली "एवढी मेहनत केली आणि पुसून टाकलं हो". अहो पण ती मेहनत कुणी बघितली? ती सगळ्यांना बघता यावी म्हणून तर ते इतक्या लांबून येऊन आपल्यासमोर बसतात. मला विचाराल तर खरा कार्यक्रम तोच आहे आणि मी हे सगळं लिहितेय ते त्याच्याचसाठी.

आधी थोडं कोण, कुठले ते सांगते. या दौऱ्याचं नाव 'द मिस्टिकल आर्ट्स ऑफ तिबेट'. भिक्षूंचा एक छोटा ग्रुप अमेरिकेत गावोगाव फिरतो, एकेका ठिकाणी काही दिवस मुक्काम करतो, मंडल करतो, पुसतो आणि पुढच्या गावाला जातो. हे तिबेटहून येतात असं इथे बऱ्याच जणांना वाटतं, आमच्या शेजारणीलाही तसंच वाटत होतं. ते येतात आपल्या मुंडगोडहून. मुंडगोड म्हणजे उत्तर कन्नड जिल्हा, हुबळीच्या पुढे, मी मूळची बेळगावची, आमच्याकडून तीन-साडेतीन तासांचा रस्ता. मूळ ड्रेपुंग मठ, ज्याचा लोसेलिंग हा एक विभाग, ल्हासाजवळचा, १४१६ साली स्थापन झालेला, तिबेटातला सगळ्यात मोठा, हजारो भिक्षू तिथे राहायचे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून जे भिक्षू जीव वाचवून आले त्यांना आधी पश्चिम बंगालमध्ये बक्साला ठेवलं होतं. ही तीच जागा जिथे इंग्रजांनी आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना डांबून ठेवलेलं. तिथली हवा दमट, तिबेटच्या थंड कोरड्या हवेत वाढलेली माणसं ती, कितीतरी जण टीबीने गेले, तरी दहाएक वर्षं त्यांनी तिथेच पाठांतर आणि शास्त्रार्थ चालू ठेवला. मग १९६९ च्या सुमाराला ड्रेपुंग आणि गांदेन हे मठ मुंडगोडला आले, तिसरा मोठा मठ सेरा म्हैसूरकडच्या बायलकुप्प्याला गेला. जंगल तोडून शेती केली, मका पिकवला, हळूहळू मठ उभे केले. आज तिथे पुन्हा हजारोंनी भिक्षू शिकतायत आणि या दौऱ्यातून जी देणगी मिळते ती त्या मठाला जाते. हे माहीत असेल ना तर समोर वाकून बसलेल्या माणसाकडे बघायची नजरच बदलते. तो जे करतोय ते त्याच्या गुरूंनी अक्षरशः डोक्यात भरून डोंगर ओलांडून आणलेलं आहे, कारण बरोबर फारसं काही घेऊन येणं शक्यच नव्हतं.

आमच्याकडे प्रवेश फुकट होता, दाराशी देणगीची पेटी. पहिल्या दिवशी दुपारी उद्घाटन झालं. मरून वस्त्रं, डोक्यावर पिवळ्या तुऱ्याच्या उंच टोप्या, माणसाच्या उंचीपेक्षा लांब कर्णे, झांजा, घंटा. मंत्र म्हणताना मुख्य लामांचा आवाज इतका खाली उतरतो की आधी कळतच नाही हा माणसाचा आवाज आहे, आणि नीट कान दिला की त्याच एका गळ्यातून एकाच वेळी दोन-तीन सूर ऐकू येतात. सभागृहाचं अकॉस्टिक्स चांगलं नव्हतं, मागे बसलेल्यांना नुसता गुंजारव ऐकू आला असणार, त्यामुळे उद्घाटनाला जाणार असाल तर लवकर जाऊन पुढे बसा.

उद्घाटन संपलं, फोटो झाले आणि बहुतेक लोक निघून गेले. आणि मग जे सुरू झालं ते बघायला आम्ही अगदी थोडे जण उरलो. रेखाटन. गडद निळा पाट, म्हणजे चांगला मोठा लाकडी बोर्ड, त्यावर आधी खडू लावलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधे उचलून सोडायचा की पांढरी रेघ उमटते. आपले सुतार सूत मारतात, हुबेहूब तेच. आधी मधल्या दोन रेघा, मग कर्ण, आणि एकदा मध्यबिंदू मिळाला की बाकी सगळं त्याच्यापासून मोजत बाहेर. पट्टी, मोठा कंपास आणि पांढरी पेन्सिल. समोर पुस्तक नाही, प्रिंटआउट नाही, फोनवर फोटो नाही. मापं ग्रंथात ठरलेली आहेत, अमुक भिंत इतके भाग जाड, अमुक दार इतके भाग रुंद, आणि ती त्यांना पाठ आहेत. तिघं-चौघं एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंनी काम करत होते आणि रेघा मधे येऊन बरोब्बर जुळत होत्या, कुणी कुणाला फारसं काही बोलत नव्हतं, फक्त अधूनमधून एक वयस्कर लामा वाकून बघायचे आणि बोट ठेवायचे, तिथे पुन्हा मोजलं जायचं. तीनेक तास हे चालतं. मी पूर्ण वेळ बसले आणि उठावंसं वाटलं नाही.

मग वाळू. आता इथे मी थोडं सविस्तर लिहिणार कारण मी लहानपणापासून रांगोळी घालते, इथे आल्यावरही दिवाळीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये संस्कार भारतीची मोठी रांगोळी माझ्याकडेच असते, त्यामुळे माझं लक्ष सारखं त्यांच्या हाताकडे होतं. आपली रांगोळी चिमटीतून किंवा मुठीतून सुटते, अंगठा आणि बोट किती दाबायचं यावर रेघ जाड की बारीक ते ठरतं. यांचा हात वाळूला लागतच नाही. एक लांबट निमुळती धातूची नळी असते, तिला ते चकपुर म्हणतात, एका टोकाला रुंद तोंड, दुसऱ्या टोकाला बारीकसं भोक, आणि वरच्या अंगाला खाचा. रुंद तोंडाने वाटीतली वाळू भरून घ्यायची, टोक बोर्डच्या अगदी जवळ आणायचं आणि दुसऱ्या हातातल्या दांडीने त्या खाचांवर घासायचं. खरखर खरखर असा आवाज, आणि त्या थरथरीने वाळू पाण्यासारखी वाहायला लागते. हळू घासलं तर दाणे जवळजवळ एकेक करून पडतात, जोरात घासलं की धार लागते, थांबलं की त्याच क्षणी बंद. म्हणजे सगळा कंट्रोल बोटांच्या दाबात नाही तर घासण्याच्या लयीत आहे. बारीक कामाला बारीक भोकाची नळी, जमीन भरायला मोठ्या भोकाची. चौघं एकदम घासत असतात तेव्हा प्रत्येकाची लय वेगळी, आणि काही वेळाने नुसत्या आवाजावरून कळायला लागतं की कोण जमीन भरतंय आणि कोण रेघ काढतंय.

वाळू म्हणजे नदीची वाळू नव्हे. पांढरा दगड बारीक दळून त्याला रंग दिलेला असतो, आपली रांगोळीही शिरगोळ्याचीच की. फरक इतकाच की त्यांची थोडी जास्त दाणेदार असते, पिठासारखी असती तर नळीत बसली असती. रंग मोजकेच, पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा, आणि त्यातल्या बऱ्याच रंगांच्या फिक्या-गडद छटा. छटांचं काम बघून मी थक्क झाले. कमळाच्या पाकळीला कडेला गडद गुलाबी, आत फिका, आणि मधे पांढरा, आणि हे रंग एकात एक मिसळलेले नाहीत, दाण्याला दाणा लावून ठेवलेत, जवळ गेलं तर सीमारेषा दिसते, दोन पावलं मागे आलं की दिसत नाही. शिवाय सगळं सपाट नसतं. ज्वाळांच्या वळणांवर, दागिन्यांवर वाळूवर वाळू टाकून उठाव देतात, त्यामुळे बाजूच्या दिव्याने त्याची सावली पडते. फोटोत हे काहीच दिसत नाही. म्हणून म्हणते प्रत्यक्ष जा.

एक गोष्ट मी बराच वेळ अगदी जवळून बघितली, ती म्हणजे एका दारावरचं हरीण. अंगठ्याच्या नखाएवढं असेल. एक तरुण भिक्षू, पंचविशीचा असावा, कोपर बोर्डच्या कडेला टेकवून, तोंडावर मास्क लावून, कारण श्वासानेसुद्धा दाणे हलतात. आधी त्याने पिवळसर अंग भरलं, मग कडा एका पातळ लाकडी पट्टीने सारख्या केल्या, मग काळसर रंगाने पाय, मान, कान. शेवटी डोळा. डोळ्यासाठी त्याने नळी खूप जवळ नेली, एकदाच हलकं घासलं आणि लगेच उचलली. बस. मग मान वर करून त्याने पाठ ताठ केली, समोरच्याच्या कामाकडे बघितलं आणि दुसरं हरीण सुरू केलं, कारण दारावर मधे धर्मचक्र असतं आणि दोन्ही बाजूंना दोन हरणं, सारनाथच्या मृगवनाची खूण. चार दारं, म्हणजे हे सगळं चार वेळा, आणि चारही ठिकाणी सारखंच यायला हवं, वेगवेगळ्या हातांनी केलेलं असून.

बहुतेक लोक याला डिझाइन समजतात. डिझाइन नाहीये ते, नकाशा आहे. चौकोनी महालाचा वरून दिसणारा आराखडा, भिंती बाहेरच्या बाजूला आडव्या पाडून दाखवलेल्या, चार दिशांना चार दारं, दारांवर तोरणं, आत देवतांच्या जागा. बाहेर गोल कडी, त्यात कमळाच्या पाकळ्यांचं एक, वज्रांचं एक आणि सगळ्यात बाहेर ज्वाळांचं. दिशांना रंग ठरलेले, दक्षिण पिवळी, पश्चिम लाल, उत्तर हिरवी. आमच्याकडे केलं ते अवलोकितेश्वराचं होतं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं. मधोमध कमळ आणि त्याच्या भोवती वज्र, रत्न, चक्र, तलवार अशी एकेका बुद्धाची खूण, मूर्ती नाहीत, नुसत्या खुणा. ज्याला माहीत आहे तो त्या खुणांवरून अख्खा महाल आणि त्यातली मंडळी मनात उभी करतो, ध्यान करताना दारातून आत शिरतो, मधल्या गाभ्यापर्यंत जातो. त्यासाठी हे सगळं आहे.

आणि अवलोकितेश्वर म्हटल्यावर आपल्याला परका वाटायचं काहीच कारण नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला हातात कमळ घेतलेला पद्मपाणी, ज्याचा फोटो आपल्या शाळेच्या पुस्तकात असायचा, तो हाच. वेरूळला आपण सगळे कैलास बघतो आणि दमून परत फिरतो, पण बारा नंबरच्या लेण्यात, तीन ताल म्हणतात त्यात, भिंतीवर नऊ चौकोनांचे पट कोरलेत, मधे बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. ते मंडलच आहे, दगडातलं, आठव्या शतकाच्या आसपासचं. म्हणजे जी गोष्ट बघायला मी अमेरिकेतल्या म्युझियममध्ये गेले ती बाराशे वर्षांपूर्वी औरंगाबादजवळ कोरून ठेवलेली आहे. हे मला त्या दिवशी समोर बसल्या बसल्या आठवलं आणि खूप भरून आलं. पुढच्या भारतवारीत बारा नंबरचं लेणं आधी, कैलास नंतर, हे ठरलेलं आहे.

जेवणाच्या सुट्टीत एक लामा बाहेर उन्हात उभे होते, मी धीर करून हिंदीत विचारलं, "लामाजी, आप मुंडगोड से ना?" त्यांनी हो म्हटलं, मी म्हटलं मी बेळगावची, तर ते इतके खूश झाले, लगेच कन्नडमध्ये "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवलात का. अमेरिकेतल्या पार्किंग लॉटमध्ये असं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मग हुबळीच्या बसस्टँडपासून मुंडगोडच्या पावसापर्यंत सगळं बोलणं झालं. इथले लोक त्यांच्याशी जपून जपून इंग्रजीत बोलतात, तेही दोन-चार शब्दांत उत्तर देतात, पण हिंदीत ते अगदी मोकळे होतात, त्यामुळे आपल्या लोकांनी तर नक्की बोला, फक्त काम करत असताना नको. मी विचारलं हे शिकायला किती वेळ लागतो. ते म्हणाले नळी धरायला काही महिन्यांत येते, मापं पाठ व्हायला जास्त, आणि यामागचं तत्त्वज्ञान, त्याला संपतच नाही. मठात मुख्य अभ्यास शास्त्रांचाच, गेशेची पदवी मिळायला वीस-वीस वर्षं जातात, मंडलाचं काम त्याच्याबरोबरीने शिकायचं. म्हणजे समोर बसून हरीण काढणारा मुलगा हा नुसता कलाकार नाही, तो तिकडे परत गेला की पहाटे उठून पाठांतर करणारा विद्यार्थी आहे.

पूर्वी हे असं सगळ्यांसमोर होत नसे. मठाच्या आत, दीक्षेच्या वेळी केलं जायचं आणि विधी झाला की विसर्जन. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये नामग्याल मठाच्या, म्हणजे दलाई लामांच्या स्वतःच्या मठाच्या भिक्षूंनी कालचक्र मंडल लोकांसमोर केलं, त्यानंतर हे म्युझियममधून दिसायला लागलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, जानेवारी २००२ मध्ये, लोसेलिंगच्याच भिक्षूंनी वॉशिंग्टनला सॅकलर गॅलरीत सात फूट बाय सात फूट एवढं मोठं मंडल केलं होतं, दुखावलेल्या देशासाठी म्हणून. काही जणांना वाटतं की देवाचं काम असं म्युझियममध्ये मांडू नये, माझ्या ओळखीतल्या एका काकांचं हेच म्हणणं होतं. मला ते पटत नाही. ज्यांचा देश गेला, त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात जपून ठेवलेलं काढून अनोळखी लोकांसमोर मांडलं, आणि लोक थांबून बघतात, प्रश्न विचारतात, त्यातून तिबेटचं नाव टिकतं. आणि जवळून बघितलं तर म्युझियममध्येही विधी काही कमी होत नाही, रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी ते प्रार्थना करतात, तेव्हा हॉलमध्ये प्रेक्षक म्हणून एखाददुसरं माणूस असतं, तरी पूर्ण करतात.

मुलांना न्यायचं का असं बऱ्याच जणींनी विचारलं. नक्की न्या. आमच्याकडे बाजूला एक वेगळं टेबल होतं, साध्या छापील आकृतीचं, त्यावर कुणीही चकपुर हातात घेऊन वाळू भरून बघावी. माझी मुलगी तिथून हलेना. मीही घेतली हातात, आणि चिमटीची सवय असलेल्या हाताला पहिल्यांदा कळतच नाही की वाळू सोडायची कशी, बोटं आपोआप दाबायला जातात आणि दाबून काहीच होत नाही, घासत राहावं लागतं. एकदा लय सापडली की मात्र इतकं छान वाटतं. लहान मुलं सोबत असतील तर मुख्य मंडलापाशी हात धरून ठेवा एवढंच. २००७ मध्ये कॅन्सस सिटीच्या युनियन स्टेशनवर एक छोटं मूल दोरीखालून आत शिरून मंडलावर नाचलं होतं, तिथल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं, बातमी जगभर गेली. भिक्षू रागावले नाहीत, त्यांनी बिघडलेला भाग पुन्हा भरायला घेतला आणि मंडल पूर्ण केलं. ही गोष्ट मी लेकीला सांगितली तर तिने पहिला प्रश्न विचारला, "मग त्या बाळाला पुन्हा बघायला बोलावलं का?"

आता शेवटचा दिवस. तो वाईट असतो असं नाही हं, फक्त तेवढंच बघून यायला नको. आमच्याकडे हॉल खच्चून भरला होता आणि आयोजकांनी खुर्च्या सगळ्या एका पातळीवर लावलेल्या, त्यामुळे मागच्या निम्म्या लोकांना पुढच्यांचे वर धरलेले फोन सोडून काही दिसलं नाही. एक साधा कॅमेरा वर लावून स्क्रीनवर दाखवता आलं असतं, हे मी त्यांच्या फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलंय. मंत्र झाल्यावर मुख्य लामा मंडलाभोवती फिरले, मधल्या खुणा एकेक करून उचलल्या, मग हातातल्या वज्राने कडेपासून मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली, मग दुसऱ्या दिशेने, तिसऱ्या. त्या रेघांनी महाल कापला जातो. मग ब्रश, आणि सगळे रंग मधे गोळा होत होत एक करडी रास उरते. इथे माझ्या शेजारची बाई रडायला लागली. मला रडू आलं नाही, कारण आदल्या दिवसांत त्यांना काम करताना बघितलं होतं आणि तेव्हाच लक्षात आलं होतं की त्यांच्यातलं कुणीच ते टिकावं म्हणून करत नव्हतं. हरीण झालं की दुसरं हरीण, दार झालं की कडं. आपण रोज सकाळी दारात रांगोळी घालतो ती दुसऱ्या दिवशी पुसूनच नवी घालतो ना, ते आपल्याला रोजचं आहे, त्यामुळे पुसण्याचं इतकं आश्चर्य आपल्या लोकांनी का करावं मला कळत नाही. आश्चर्य करायचं तर त्या मापांचं करा, त्या पाठांतराचं करा.

राशीतली अर्धी वाळू छोट्या पिशव्यांत भरून लोकांना वाटतात, उरलेली कलशात घालून, कर्णे वाजवत मिरवणुकीने जवळच्या वाहत्या पाण्यात सोडतात, म्हणजे ती पुढे पुढे जात राहावी आणि सगळीकडे पोचावी. नदीपर्यंतच्या मिरवणुकीत जरूर चाला, हॉलपेक्षा तिथे जास्त नीट बघता येतं आणि गर्दीही निम्मी होते. पिशव्या आमच्याकडे संपल्या, मागे उभ्या असलेल्यांना मिळाल्या नाहीत. आम्हाला मिळाली ती मी तुळशीत घातली.

विक्रीचं टेबल असतं, माळा, प्रार्थनेचे झेंडे, वाट्या, उदबत्त्या वगैरे. किमती इथल्या मानाने ठीक. उदबत्ती चांगली आहे, आपल्यासारखी गोड वासाची नाही, झाडपाल्याचा औषधी वास, घरात लावली की बराच वेळ राहतो. पैसे मठाला जातात त्यामुळे घासाघीस करू नका.

जाताना गुडघ्यांचा त्रास असेल तर आयोजकांना आधीच विचारून खुर्ची सांगून ठेवा, बऱ्याच ठिकाणी दोरीपाशी उभंच राहावं लागतं. छोटी दुर्बीण असेल तर न्या, मी दुसऱ्या वेळी पक्षी बघायची नेली आणि फार उपयोग झाला, बारीक काम तिच्यातूनच दिसलं. सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलात तर सगळ्यात उत्तम, शाळेच्या सहली यायच्या आधी. परफ्युम लावून, सैल ओढण्या सोडून दोरीवर वाकू नका. आणि किमान दोनदा जा, एकदा मध्यभाग चालू असताना, एकदा बाहेरची कडी चालू असताना, कारण मध्यभाग पूर्ण झाला की पुढे दोरीपासून तो नीट दिसत नाही, बाहेरचं काम मधे येतं.

ज्यांना मुंडगोडलाच जायचंय त्यांच्यासाठी, हुबळीहून बस आणि टॅक्सी दोन्ही मिळतात, तासा-दीड तासाचं अंतर, भारतीय पासपोर्ट असेल तर काही अडचण नाही, पण परदेशी पासपोर्टवर तिथे मुक्काम करायचा तर आधी परमिट काढावं लागतं आणि त्याला बरेच आठवडे जातात, तिकीट बुक करायच्या आधी ते बघा. मठ बघायला जाल तर संध्याकाळी जा, अंगणात भिक्षूंचा शास्त्रार्थ चालतो, टाळ्या वाजवत, पाय आपटत, तो ऐकण्यासारखा असतो.

आमच्या मंडळाच्या कमिटीला मी सुचवलंय की पुढच्या वेळी ते आले की आपण आठ-दहा जण स्वयंसेवक म्हणून नावं देऊया. खुर्च्या नीट लावायला, मुलांच्या टेबलाशी बसायला, आणि हिंदी किंवा कन्नड बोलणारं कुणीतरी सगळे दिवस तिथे असायला. आयोजकांशी बोलणं झालंय, त्यांना हवंच आहे. कन्नड येणारं अजून एक माणूस मिळालं तर बरं होईल, मी एकटी सगळे दिवस पुरणार नाही.